चूक सुधारायला वेळ मिळतो का?

घरातल्या अपघाताची बातमी कानावर आली की आपण दोनपैकी एक गोष्ट म्हणून मोकळे होतो. एक तर ‘निष्काळजीपणा नडला’, नाही तर ‘वेळच आली होती’. पहिल्या वाक्यात दोष माणसाचा, दुसऱ्यात नशिबाचा. दोन्हींमुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो: त्या घरात, त्या जागी, ती वस्तू अशी का होती की एका क्षणाच्या विसरण्याची किंमत जिवाने चुकवावी लागली? माणूस विसरणारच. रात्रपाळी करून आलेला, तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेतलेली, सत्तरी ओलांडलेला, चार वर्षांचा, या सगळ्यांनी दिवसाचे चोवीस तास सावध राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून ‘काळजी घ्या’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. सल्ला खोटा नाही, पण ज्या क्षणी त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच क्षणी तो माणसाच्या डोक्यात नसतो.

याचा अर्थ घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहायचे असा नव्हे. विळीने बोट कापते, तव्याचा चटका बसतो, फरशीवर पाय घसरतो. यातल्या बहुतेक चुकांत माणसाला हात मागे घ्यायला, ओरडायला, दुसऱ्याला बोलवायला वेळ मिळतो. काही धोके मात्र असे आहेत की चूक झाल्याचे कळेपर्यंत ती सुधारण्याची ताकदच माणसात उरत नाही. घर सुरक्षित करायला निघालेल्या कुटुंबाने प्रत्येक धोक्यापुढे हाच प्रश्न ठेवावा: इथे चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळेल का? उत्तर ‘हो’ असेल तिथे शिकवण आणि सवय पुरते. उत्तर ‘नाही’ असेल तिथे सवयीवर विसंबू नये, व्यवस्था बदलावी. पैसा आणि वेळ दोन्ही मोजके असतात, ते आधी कुठे लावायचे हेही या प्रश्नाने ठरते.

व्यवस्था बदलणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या श्रीलंकेत आहे. वीज न पोहोचलेल्या घरांत तिथेही रिकाम्या बाटलीत वात घालून रॉकेलचे दिवे करत. धक्का लागला की बाटली कलंडायची, रॉकेल सांडून भडका उडायचा आणि अंग भाजायचे. विजय गोडाकुंबुरा हे शल्यचिकित्सक अशा भाजलेल्या रुग्णांवर उपचार करत होते. दिव्याला धक्का लावू नका, असे सांगत ते गावोगाव फिरत बसले नाहीत. १९९२ च्या सुमारास त्यांनी दिवाच बदलला: बुटका, जड, जाड काचेचा, दोन बाजूंनी चपटा म्हणजे पडला तरी गडगडणार नाही, आणि आट्याचे धातूचे झाकण म्हणजे आडवा झाला तरी रॉकेल सांडणार नाही. पुढे लाखांच्या संख्येत हे दिवे घरोघरी गेले, १९९८ साली या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला. धक्का लागण्याचे थांबले नाही, कारण लहान घरात धक्के लागणारच. धक्का लागला म्हणून कुणी भाजावे, एवढेच त्यांनी टाळले. आपल्या घरांतही नेमके हेच करायचे आहे, आणि त्यासाठी शोध लावण्याची गरज नाही. लागणाऱ्या बहुतेक वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

सुरुवात बाथरूमपासून करावी, कारण ‘वेळ मिळेल का’ या प्रश्नाचे सर्वांत भयानक उत्तर तिथे आहे. गॅस गिझर स्वस्त पडतो, पाणी झटपट तापवतो, वीज गेली तरी चालतो, म्हणून शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही तो घरोघरी आला. त्याची ज्योत शेगडीच्या एका बर्नरच्या कित्येक पट गॅस जाळते आणि तितकाच ऑक्सिजन ओढते. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये तो भिंतीवर लावला, थंडी म्हणून खिडकीच्या काचा लावून घेतल्या आणि दाराला कडी घातली, की काही मिनिटांत आतल्या हवेतला ऑक्सिजन उतरू लागतो. मग गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि फक्त न जळलेल्या गॅसची गळती सांगतो, या वायूची नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते, त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी शरीरात साठत जातो. आधी डोके जड होते, मळमळते, गरगरते. आंघोळ करणाऱ्याला वाटते, पाणी जरा जास्तच गरम झाले किंवा सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल. मग गुडघ्यांतले बळ जाते, आणि कडी हाताच्या अंतरावर असूनही ती काढायचे भान राहत नाही. दरवर्षी हिवाळ्यात आणि धुळवडीच्या दिवशी, म्हणजे रंग घालवायला लोक तासभर आंघोळ करतात तेव्हा, अशा मृत्यूंच्या बातम्या येतात.

इथे ‘खिडकी उघडी ठेवा’ ही सूचना पुरेशी नाही. डिसेंबरच्या पहाटे ओल्या अंगाने खिडकी उघडी ठेवणारे फार थोडे. गिझरची जागा बदलणे हाच खरा उपाय आहे. तो बाथरूमच्या बाहेर, गच्चीत, गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. काम प्लंबरचे एखाद्या दिवसाचे आहे. एक्झॉस्ट फॅनवर भिस्त ठेवू नये. दार घट्ट बंद असेल, हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा काय बाहेर टाकणार? शिवाय तो लावायला माणूस कधीतरी विसरतोच. भाड्याच्या घरात पाइपलाइन हलवता येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर एक बिनखर्चाची रीत आहे: दार सताड उघडे ठेवून बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच कडी लावून आंघोळीला बसायचे. बंद दार आणि पेटलेली ज्योत एका वेळी एकत्र येऊ द्यायची नाहीत. कडीच्या जागी बाहेरूनही उघडता येणारे लॉक बसवावे, ते वृद्ध माणसे घसरून पडतात तेव्हाही उपयोगी पडते. एवढे करूनही आत कुणी बेशुद्ध सापडलेच, तर दारे-खिडक्या उघडून आधी त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. करोनापासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त त्याला ऑक्सिजन धरलेल्या रक्तासारखेच दिसते, म्हणून आकडा अठ्ठ्याण्णव आला तरी माणूस ठीक आहे असे समजू नये.

दुसरा धोका विजेचा, आणि इथे एक गैरसमज घरोघरी घट्ट बसलेला आहे. मीटरजवळच्या डब्यात एमसीबीचे खटके दिसले की लोक समजतात, शॉक लागला तर खटका पडेल. पडणार नाही. एमसीबी तारा वाचवण्यासाठी असते. सोळा अँपिअरची एमसीबी सोळा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की पडते. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला त्याचा शेकडोवा हिस्सा पुरतो. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे, त्याचे नाव आरसीसीबी. अनेक वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच ते सतत मोजते. मधला काही भाग कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला आहे असे दिसले की क्षणार्धात पुरवठा तोडते. विकत घेताना त्यावर ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, हा आकडा पाहावा. शंभर किंवा तीनशेचे उपकरण आग टाळायला उपयोगी आहे, माणसाच्या जिवासाठी तीसच हवे. किंमत बऱ्या मिक्सरपेक्षा कमी. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर आरसीसीबीला तो प्रवाह योग्य मार्गानेच चालला आहे असे वाटते आणि ती पडत नाही. म्हणून उघड्या तारांशी खेळायची मुभा ती देत नाही. पण घरातले शॉक बहुतेक वेळा जमिनीकडे जाणाऱ्या गळतीचे असतात: गिझरचे भांडे, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, लोखंडी कूलर. तिथे ती जीव वाचवते.

विदर्भ-मराठवाड्यातला कूलर जवळून पाहिला तर सगळा धोका एका जागी मांडलेला दिसतो. पत्र्याची टाकी, त्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप, उन्हापावसात तडकलेली पंपाची वायर, खाली सांडलेल्या पाण्याने ओली झालेली फरशी आणि अनवाणी पाय. प्लग तीन पिनांचा, पण बोर्डाला दोनच भोके, म्हणून वरची जाड पिन कापून टाकलेली. ती कापली की अर्थिंग गेले, आणि पंपाची गळती थेट पत्र्यावर आली. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी स्विच बंद करून प्लग काढा, असे महावितरण दर उन्हाळ्यात सांगते आणि ते अगदी योग्य आहे. पण दुपारचे दोन, पारा पंचेचाळीसवर, पाणी संपून कूलर गरम हवा फेकतो आहे, अशा वेळी बादली घेऊन आलेला माणूस कधीतरी प्लग काढायला विसरेल. त्या एका दिवसासाठी अर्थिंग आणि आरसीसीबी हवी. अर्थिंग नीट असेल तर पत्र्यात वीज उतरताच आरसीसीबी पडते, कुणी हात लावायच्या आधीच. तसेच कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेचे. पत्र्याच्या शेडपासून खांबापर्यंत ताणलेली तार, तिला कुठेतरी घासणारी सर्व्हिस वायर आणि पावसात भिजलेले कपडे टाकायला गेलेली बाई, आणि ती चिकटली म्हणून तिला ओढायला धावलेला दुसरा माणूस. अशी दुहेरी, तिहेरी मरणे आपल्या खेड्यांत होत आली आहेत. तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधायला शंभर रुपयेही लागत नाहीत. एवढ्या स्वस्तात वाचणारा जीव दुसरा कुठला असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ही दोरी अजून घरोघरी नाही याचे दुःख वाटते.

आरसीसीबीबद्दल एक तक्रार हमखास येते: ती सारखी पडते, पावसाळ्यात तर दिवसातून चारदा, शेवटी वायरमनने बाजूला काढून तारा थेट जोडून दिल्या. ही तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे, कारण अंधारात बसलेल्या घराला तत्त्वज्ञान नको असते. पण ती पडते आहे म्हणजे कुठेतरी गळती होते आहे. भिंतीतल्या ओलीत, गिझरच्या कॉइलमध्ये, गच्चीवरच्या दिव्याच्या जोडात. एकेक सर्किट बंद करून कोणत्या खटक्याला ती पडते हे तासाभरात सापडते. ती जागा दुरुस्त करायची सोडून आरसीसीबी काढणे म्हणजे पुढची गळती कुणाच्या तरी अंगातून होईल याची सोय करणे. नवी बसवली तरी तिच्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबावे. लगेच वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ते उपकरण निकामी झाले आहे, भिंतीवर असून नसल्यासारखे.

गरम पाण्याने भाजणे लहान मुलांच्या वाट्याला जास्त येते, आणि त्यातही वेळ मिळत नाही. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत खोलवर भाजते, पन्नास अंशांना त्याच भाजण्याला काही मिनिटे लागतात. मुलाची त्वचा पातळ, त्याला आणखी कमी वेळ पुरतो. म्हणून विजेच्या गिझरचा थर्मोस्टॅट पन्नासच्या आसपास ठेवावा आणि बादलीत नेहमी आधी गार, मग गरम पाणी सोडावे. कुणी मध्येच फोनवर गेले आणि मूल बादलीशी पोहोचले तरी त्यात निव्वळ कढत पाणी कधीच नसेल. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातले काहीही लावू नये.

या सगळ्यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सगळी जबाबदारी वस्तूंवर टाकली की माणसे बेफिकीर होतात, पूर्वीच्या बायका चुलीपुढे आयुष्य काढायच्या, त्यांना कुठे सेफ्टी व्हॉल्व्ह होते, असे लोक म्हणतात. त्या बायकांचे पदर पेटत होते, मुले आधणाच्या पातेल्यात पडत होती. ती मरणे नशिबाच्या खाती जमा झाली म्हणून आज आठवत नाहीत. बेफिकिरीचा मुद्दा थोडा खरा आहे. जे संरक्षण दिसते आणि जाणवते, त्याच्या भरवशावर माणूस अधिक धाडस करतो. पण डब्यातली आरसीसीबी किंवा बाहेर हलवलेला गिझर दिवसभरात आठवतही नाही, मग त्याच्या भरवशावर बेफिकीर कोण होणार? पैशाच्या अडचणीचे उत्तर मात्र ‘सगळे एकदम करा’ असे असू शकत नाही. नायलॉनची दोरी, उघड्या दारात बादली, आधी गार पाणी या फुकटातल्या किंवा जवळजवळ फुकटातल्या गोष्टी आज होतात. आरसीसीबी पुढच्या पगाराला. गिझर हलवणे दिवाळीच्या आधी, कारण थंडी त्यानंतर येते.

बाजारातून घरात येणाऱ्या वस्तूंनाही तोच प्रश्न लावावा. प्रेशर कुकर हे वर सांगितलेल्या विचाराचेच रूप आहे. शिट्टीची वाट डाळीच्या सालाने बुजली, हे स्वयंपाक करणाऱ्याला कळलेही नाही, तरी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ बाहेर सोडतो. पण हा व्हॉल्व्ह खरा आहे की नुसता दिसायला आहे, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठीच आयएसआय मार्क आहे. घरगुती कुकरना तो २०२० च्या आदेशाने सक्तीचा झाला, मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून. तरीही २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दोन मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड करावा लागला आणि विकलेले, मानकात न बसणारे कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायला सांगावे लागले. म्हणजे मोठ्या नावावर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. मार्कच्या वर आयएस आणि मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी २३४७. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे का ते दिसते. खरा क्रमांक दुसऱ्याच वस्तूवर छापल्याचेही यातूनच उघड होते. सिलिंडर घेतानाही वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूचे अक्षर आणि वर्ष पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. ती उलटून गेलेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत करावा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, आणि गळतीचा वास आला तर १९०६ वर फोन करावा. तोवर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये.

इतके करूनही सदोष वस्तूने कुणाला इजा झालीच, तर कायदा आता आपल्या बाजूला बराच सरकला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण लोक हरतात ते पुराव्याअभावी. स्फोट झालेला कुकर, जळालेला चार्जर, तुटलेली शिडी कंपनीचा माणूस ‘तपासायला नेतो’ म्हणून घेऊन जातो आणि ती पुन्हा दिसत नाही. ती देऊ नये. फोटो काढावेत, लेबल आणि परवाना क्रमांक दिसेल असे. वस्तू पिशवीत बांधून ठेवावी. डॉक्टरांच्या कागदावर इजा कशाने झाली ते स्पष्ट लिहून घ्यावे. वस्तूत आपण फेरफार केला असेल किंवा ती भलत्याच कामाला वापरली असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून कुकरला दुसऱ्याच कंपनीची रिंग, गिझरला जुगाडाने जोडलेली नळी हे प्रकार जिवाला जसे महाग पडतात तसे खटल्यालाही. घरगुती गॅसच्या अपघातांसाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो. ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही, पण अपघात वितरकाला ताबडतोब लेखी कळवावा लागतो, आणि शेगडी व नळी मानकाप्रमाणे असल्याचे दाखवणाऱ्या पावत्या कामी येतात. पावतीची शाई दोन वर्षांत उडते, तेव्हा घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते, आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत तक्रारीचा मसुदा कसा करायचा हे समजावून देते.